पुरवणी

रोहिणी पागधरे यांस,
शेवटच्या पानावर तुम्ही विचारलंय,
'आणखी काही सांगायचे आहे काय?'
आणि खाली टिंबाटिंबांच्या तीन ओळी.
एवढ्या जागेत आमची चौथीतली पोरंही
'माझा आवडता पक्षी' संपवत नसत.
म्हणून ही पुरवणी. दोऱ्याने बांधली आहे,
गाठ सांभाळून सोडा.

सहभागी क्रमांक चारशे सतरा.
अभ्यास सुरू झाला तेव्हा मी एकेचाळीसची,
भांडुपची मनपा शाळा, सकाळचं सत्र,
बहात्तर पोरं आणि एक पंखा.
परळच्या इस्पितळातून तुम्ही आलात,
हातात वजनकाटा,
तुमचं लग्नही झालं नव्हतं.
आम्हा नऊ शिक्षिकांना ओळीनं उभं केलंत.
पहिल्यांदाच कुणीतरी
आमची हजेरी घेत होतं.

त्या फेरीत मी एक उत्तर खोटं लिहिलं.
प्रश्न अकरा: शाळेच्या वेळेत लघवीला किती वेळा जाता?
मी लिहिलं, तीनदा.
खरं उत्तर शून्य.
बाईंसाठी होती त्या खोलीत
खडूचे खोके आणि मोडके बाक,
मुलींच्या संडासाला कडी नव्हती.
सकाळी अर्धा कप चहा, मग साडेबारापर्यंत
पाण्याचा थेंब नाही.
ठरवून नव्हे. पदराला पिन लावायचं
कुठं कोण ठरवतं?
शेजारून शमीम दळवीनं डोकावून पाहिलं,
हळूच म्हणाली, 'मीपण तीनच टाकते.'
जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आम्ही,
आमची तुम्ही पकडली नाहीत.
त्या तिनांवर एखादा आलेख उभा असेल
तर खोडा.

तुमच्या फॉर्मात 'मुत्रविकार' छापलं होतं,
मु ऱ्हस्व.
दर फेरीला मी लाल शाईनं दीर्घ केला.
चौथ्या फेरीला शब्द छापूनच शुद्ध आला.
शास्त्राला माझी देणगी विचाराल तर
एक उकार.

आवाजाची चाचणी: दम संपेपर्यंत 'आ' म्हणा.
पहिल्यांदा एकवीस सेकंद,
यंदा सात.
पण हा 'आ' कुणाला म्हणायचा
ते तुम्ही सांगत नाही.
मागच्या बाकावर संतोष झोपलाय असं सांगा,
मग लावा घड्याळ.

सहाव्या फेरीला तुमच्या यादीत
शमीमच्या नंबरापुढे 'सहभाग समाप्त' दिसलं.
पटावरून पोर कमी झालं की
आम्हीही लाल रेघ मारायचो, पण पुढे कारण लिहायचो:
गावी गेला, दाखला नेला, वडिलांची बदली.
रकाना रिकामा दिसला
तर बीट ऑफिसर सही करत नसत.
तुमच्या रकान्यात कोड होता,
एक अक्षर, दोन आकडे.
मी पूर्ण लिहिते:
शमीम अब्दुल रज्जाक दळवी, मूळची मुरूडची,
तिसरी ब, गणिताला कडक.
मूत्रपिंडं.
शेवटी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं,
दिवसाला दोन पेले.
मी रडवेली झाले तर म्हणाली,
'सवय आहे गं मला.'

एका बाईवरून काही सिद्ध होत नाही,
हे तुम्हीच मागे समजावलं होतंत.
तेव्हा पटलं होतं, अजूनही पटतं.
मी कारण सांगत नाहीये,
चुकलेलं उत्तर दुरुस्त करते आहे.
बाकीच्या सात जणींना विचारा.
चौघी आहेत.
सुलभा गावंडचा पत्ता बदललाय, डोंबिवलीला असते,
कानानं कमी ऐकते, प्रश्न मोठ्यानं वाचा.

आणि एक.
मागच्या वेळी तुम्ही सबंध दुपार बसलात,
मी दोनदा पाणी आणलं,
दोनदा 'नको' म्हणालात.
त्याआधी तुमची पाच घरं झाली होती,
नंतर मुलुंडची तीन व्हायची होती.
पुढच्या फेरीला आधी पाणी प्या,
मग प्रश्न विचारा.
आमच्याकडे कडी आहे.